पांढरीतून काळीत

नागपूरहून उमरेड आणि भिवापूर मागे टाकून पवनीकडे जाणारा रस्ता वैनगंगेच्या काठाशी पोहोचतो, तेव्हा नदीच्या आधी डोळ्यांत भरतो तो मातीचा तट. भंडारा जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव एका बाजूला नदीचे पात्र आणि उरलेल्या तीन बाजूंना तट व खंदक अशा वेढ्यात वसलेले आहे. गावातील देवळांमुळे त्याला विदर्भाची काशी म्हणतात आणि जवाहर दरवाजा या नावाने ओळखला जाणारा दगडी दरवाजा आजही उभा आहे. बहुतेक प्रवासी दरवाजा पाहून घाटाकडे वळतात. तटाच्या उतारावर, पावसाने माती धुऊन गेलेल्या जागी, बोटाच्या पेराएवढी तांबडी, काळी आणि राखाडी खापरे उघडी पडलेली असतात, त्यांच्याकडे सहसा कोणी वाकून पाहत नाही. आणि पाहिले तरी पुढचा प्रश्न फारसा विचारला जात नाही, तो असा की तट हे काही राहण्याचे किंवा स्वयंपाकाचे ठिकाण नव्हे, मग त्याच्या पोटात मडक्यांचे तुकडे आले कोठून?

तट उभारायला माती लागते, आणि ती लांबून आणण्याऐवजी पायथ्याशीच खणून वर टाकली जाते. खणलेल्या जागेचा खंदक होतो आणि टाकलेल्या मातीचा तट. ज्या जमिनीत आधीपासून वस्ती होती ती जमीन अशी खणली गेली, तर त्या वस्तीची राख, हाडे, चुलीची भाजलेली माती आणि फुटकी भांडी टोपल्यांतून तटावर जाऊन पडतात. अशा वेळी जमिनीचा क्रमही उलटतो, कारण खंदकाचा वरचा, म्हणजे नवा थर आधी खणला जाऊन तटाच्या तळाशी जातो आणि खोलवरचा जुना थर शेवटी निघून तटाच्या माथ्यावर येतो. पुरातत्त्वाच्या पहिल्याच धड्यात खालचे जुने आणि वरचे नवे असे शिकवले जाते. तटाच्या मातीत हा धडा डोक्यावर उभा राहतो. म्हणून तटातील, भरावातील आणि नांगरलेल्या शेतातील खापरांना स्थानभ्रष्ट म्हणतात, म्हणजे ज्या जागी ती वापरली गेली, फुटली आणि टाकली गेली त्या जागेवरून पुढे कधीतरी हललेली. पूर्वीच्या अनेक उत्खननांत अशी खापरे ‘मिसळलेला थर’ एवढा शेरा मारून बाजूला सारली जात असत. त्या शेऱ्याने पुष्कळ नुकसान केले आहे.

वास्तविक तटातील खापर दोन प्रश्नांची उत्तरे एकदम देते. भरावात सापडलेल्या सर्व खापरांपैकी जे सर्वांत अलीकडचे असेल, त्याच्या आधी तो भराव पडलेला असू शकत नाही, कारण जे भांडे अजून घडलेच नाही त्याचा तुकडा टोपलीत येणार कसा. यावरून तटाच्या वयाची अलीकडची नव्हे तर पलीकडची मर्यादा ठरते, म्हणजे तट त्या खापराच्या काळाहून जुना नाही एवढे पक्के म्हणता येते. उलट सर्वांत जुनी खापरे तट केव्हा बांधला हे सांगत नाहीत. तटापूर्वी तेथे कोण राहत होते, हे ती सांगतात. तटाच्या पोटात काळ्या-तांबड्या भांड्यांचे तुकडे भरपूर मिळाले, तर तटाआधीच्या वस्तीचा विस्तार पुढे खंदकाच्या जागेपर्यंत होता असा अंदाज बांधता येतो. ही काळी-तांबडी भांडी भट्टीत पालथी रचून भाजली जात, त्यामुळे हवा न लागलेली आतली बाजू आणि काठ काळे राहत आणि बाहेरची बाजू तांबडी होई. विदर्भातील शिळावर्तुळांच्या, म्हणजे नागपूरजवळ जुनापाणी आणि माहुरझरी येथे आढळणाऱ्या दगडी वर्तुळांच्या दफनांत ती विपुल मिळतात.

पवनीचे उत्खनन १९६९–७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून केले, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. जगन्नाथ टेकडीवरील स्तूप आणि त्याच्या कठड्यावरील ब्राह्मी लेख यांमुळे पवनीचे नाव बौद्ध इतिहासात कायमचे नोंदले गेले, आणि ते योग्यच आहे. परंतु लेख असलेला दगड बोलतो म्हणून त्याचे सगळे ऐकायचे आणि खापर मुके म्हणून त्याला पोत्यात भरून ठेवायचे, हा भेद न्याय्य नाही. दगडही काही जागेवरच राहतात असे नाही. पवनीला मिळालेला महाक्षत्रप रुपिअम्म याचा स्मारकस्तंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आणि नागपूरकरांच्या तोंडी अजब बंगला म्हणून रुळलेल्या वास्तूत आणला गेला. त्याच्याबरोबर त्याचा उगम नोंदवलेला असल्यामुळे स्थान सुटूनही त्याचा अर्थ सुटला नाही. खापराच्या बाबतीतही अडचण हलण्याची नसते; हलल्याची नोंद नसणे ही खरी अडचण असते.

खापर कसे हलते हे समजण्यासाठी मराठी मुलखातील जमिनीचे दोन जुने शब्द पुरेसे आहेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, कोसळलेल्या मातीच्या भिंती, भुसा आणि हाडे साचून वस्तीची जमीन उंच होत जाते आणि तिला फिकट, राखट रंग येतो; गाव उठले की त्या जागेचे टेकाड उरते, आणि महसुली दप्तरात अशी ओस गावे रिठी म्हणून चढतात. पुरातत्त्वज्ञाला हवे असते ते नेमके हेच टेकाड, आणि शेतकऱ्यालाही हेच हवे असते, कारण राख आणि सेंद्रिय द्रव्यांनी भरलेली ही माती खत म्हणून उत्तम. उन्हाळ्यात पांढरीची माती खणून गाड्या भरायच्या आणि काळीत नेऊन पसरायची, ही रीत महाराष्ट्रभर होती. बैलगाडीची जागा ट्रॅक्टरने घेतली, तेव्हा जे काम पूर्वी अनेक हंगामांत होई ते थोड्या दिवसांत होऊ लागले. मातीबरोबर खापरे जातात. मग एखाद्या शेतात सातवाहनकालीन खापरांचा सडा पाहून तेथे प्राचीन वस्ती होती असे लिहून टाकणारा सर्वेक्षक मैलभर चुकतो; त्याला दिसलेली वस्ती खरी असते, परंतु ती तेथे नसते, गाडीवाटेच्या दुसऱ्या टोकाला असते.

असे विखुरलेले खापर निरुपयोगी मानायचे का? नाही, कारण खापर जागेवरून हलले आहे का हे ओळखण्याच्या खुणा आहेत. जागेवर फुटलेल्या मडक्याचे तुकडे मोठे असतात, त्यांच्या कडा धारदार असतात आणि शेजारशेजारचे तुकडे एकमेकांत बसतात. गाडीतून गेलेली, नांगराखाली आलेली आणि पावसात घरंगळलेली खापरे लहान होतात, त्यांच्या कडा गुळगुळीत होतात आणि जोडी लागणारा दुसरा तुकडा सापडत नाही. म्हणून तुकड्यांचे नुसते प्रकार मोजून भागत नाही. त्यांचे आकारमान, वजन आणि कडांची झीज हीही नोंदवावी लागते. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ मायकेल शिफर यांनी १९७० च्या दशकात हा विचार पद्धतशीर मांडला: वापराच्या जागीच पडलेला कचरा वेगळा आणि उचलून दुसरीकडे टाकलेला कचरा वेगळा, आणि अवशेष कसे साचले व पुढे कसे बिघडले याचा अभ्यास केल्याशिवाय त्यांवरून माणसांच्या वागण्याबद्दल अनुमान काढू नये. गावात वाढलेल्या माणसाला यात नवे वाटण्याजोगे थोडे आहे. घर झाडून केर उकिरड्यावर जातो, उकिरडा शेतात जातो आणि फुटक्या मडक्याचा तुकडा घासून गोल केला की पोरांची ठिकरी होते; उत्खननांच्या अहवालांत अशा घासलेल्या चकत्या वारंवार नोंदलेल्या असतात, आणि त्या वाचताना दोन हजार वर्षांपूर्वीच्या अंगणात कोणीतरी एका पायावर उड्या मारत असावे अशी कल्पना मनात आल्यावाचून राहत नाही. मराठी भाषेने तर दूरच्या पूर्वजाला खापरपणजोबा असेच म्हटले आहे.

माणसाखेरीज जमीनही खापरे हलवते, आणि याबाबतीत विदर्भाची काळी जमीन विशेष खोडकर आहे. या जमिनीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि कोरडे झाले की आकसतात; त्यामुळे चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात, त्या कित्येकदा अर्ध्या मीटरहून खोल जातात आणि पृष्ठभागावरची माती, कोरडी पाने, खडे व खापरे त्यांत घसरतात. मृगाच्या पावसात जमीन फुगून भेगा मिटतात, आत पडलेल्या मातीला जागा पुरत नाही म्हणून दाब वाढतो आणि खालचा थर वर रेटला जातो. वर्षामागून वर्षे हे चालले की जमीन स्वतःलाच घुसळत राहते. नागपुरातील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो या संस्थेने ज्या जमिनींचे नकाशे केले त्यांत हा मृदाप्रकार ठळक आहे. शेतीसाठी केलेले ते नकाशे पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यानेही हातात घ्यावेत, कारण पांढऱ्या टेकाडातील थर आणि त्याच्या पायथ्याच्या काळ्या मातीतील थर यांवर सारखाच विश्वास टाकता येत नाही. काळ्या मातीत कोपरभर खोल सापडलेले खापर त्या खोलीच्या काळाचे असेल असे धरून चालणे धोक्याचे. ते कदाचित एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात सरळ खाली उतरलेले असेल.

पवनीच्या वाटेवरून कुहीकडे वळले की अडम लागते. नागपूर जिल्ह्यातील हे लहान गाव पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोठे आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर येथील उत्खनन शाखेने अमरेंद्र नाथ यांच्या नेतृत्वाखाली १९८८ ते १९९२ या काळात येथे काम केले आणि मध्याश्मयुगापासून, म्हणजे लहान गारगोटी-हत्यारांच्या काळापासून, सातवाहनांपर्यंतचा दीर्घ क्रम उजेडात आणला. येथेही तट आहे, खंदक आहे, आणि त्यामुळे वर सांगितलेला उलट्या थरांचा प्रश्नही आहे. अडमला जनपदाचा उल्लेख असलेला मातीचा शिक्का मिळाला आणि त्यावरून या नगराचा संबंध असिक जनपदाशी जोडला गेला. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात असिक हे नाव गौतमीपुत्र सातकर्णीच्या ताब्यातील प्रदेशांच्या यादीत येते. शिक्क्याबाबत एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ओल्या मातीवर उमटवलेला ठसा पोत्याच्या किंवा पेटीच्या दोरीवर बसवलेला असतो आणि माल ज्या गावी उघडला जातो त्या गावी तो तुटून पडतो. म्हणजे ठसा जेथे सापडतो ते पाठवणाऱ्याचे गाव असू शकते, तसे मिळवणाऱ्याचेही असू शकते. अडमच्या बाबतीत नगराचा विस्तार, तट आणि इतर पुरावे एकत्र पाहिल्यावर ओळख पटवली गेली, हेच रास्त आहे. एकट्या ठशावर नगराचे नाव टांगणे म्हणजे टपाल आलेल्या घराला पाठवणाऱ्याची पाटी लावण्यासारखे होईल.

स्थानभ्रष्ट खापरांचे महत्त्व रोमन जगाच्या अभ्यासकांना उशिरा का होईना पटले, आणि ते पटवले पॉम्पेईने. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले हे नगर सर्व काही जागच्या जागी असलेले म्हणून प्रसिद्ध आहे, आणि राखेच्या क्षणापुरते ते बरेचसे खरेही आहे. परंतु जमिनीच्या फरशीखाली उतरले की चित्र पालटते: दुकाने आणि घरे बांधताना जमीन उंच करण्यासाठी बाहेरून कचरा आणून भरलेला असे, भिंतींच्या आत फुटक्या कुंभांचे व कवलांचे तुकडे ठासून वर गिलावा केलेला असे, आणि खापरे कुटून चुन्यात मिसळून पाणी न झिरपणारी जमीन केली जाई. आपल्याकडे विटांची भुकटी चुन्यात घालून सुरखी करण्याची जी रीत होती तिचीच ही बहीण म्हणता येईल. अशा भरावातील खापरांवरून त्या घरातील लोक काय खात होते हे कळत नाही; नगराच्या कोणत्या भागातून कचरा निघत होता, कोण तो निवडत होता आणि बांधकामाचे साहित्य म्हणून त्याला कशी किंमत होती हे कळते. म्हणजे घराची गोष्ट हरवली तरी नगराची गोष्ट हाती लागते. रोम शहरात तर टायबर नदीजवळ मोन्ते तेस्ताच्चो नावाची अख्खी टेकडी खापरांची आहे: सुमारे ३५ मीटर उंच, घेर जवळजवळ एक किलोमीटर, आणि तीत सुमारे ५ कोटी ३० लाख तेलकुंभांचे तुकडे असावेत असा अंदाज केला जातो. ऑलिव्ह तेल मुरलेले कुंभ पुन्हा वापरता येत नसत, म्हणून ते फोडून येथे रचले जात. ते घडले होते मुख्यतः आजच्या दक्षिण स्पेनमध्ये आणि उत्तर आफ्रिकेत. कित्येकांवर वजन, व्यापारी आणि तपासनीस यांची नावे शाईने लिहिलेली आहेत, आणि हाइनरिख ड्रेसेल या जर्मन विद्वानाने एकोणिसाव्या शतकात त्यांचे जे वर्गीकरण केले ते आजही त्याच्या नावाने चालते.

त्याच रोमन जगातील कुंभांचे तुकडे महाराष्ट्रातही पोहोचले, आणि येथे खापराचे हलणे समुद्रापलीकडचे आहे. भूमध्य समुद्राकाठी मद्य, तेल आणि मत्स्यरस वाहून नेण्यासाठी दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा जो मातीचा कुंभ वापरत त्याला अँफोरा म्हणतात. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात मद्याचा उल्लेख आहे आणि इटलीच्या मद्याला अधिक पसंती असल्याचेही नोंदले आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, हेही त्यातच येते. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि सहकारी यांनी १९५४–५६ मध्ये प्रवरेकाठी नेवासे येथे उत्खनन केले तेव्हा अशा कुंभांचे तुकडे मिळाले, आणि अहवालात त्या काळाला ‘इंडो-रोमन’ असे नावच दिले गेले. इटलीतील काम्पानिया प्रांतातील कुंभांच्या मातीत ज्वालामुखीची काळी चमकदार वाळू असते. भिंगाखाली ती दिसली की हजारो कोस दूरचा कुंभारवाडा ओळखता येतो, आणि तो कुंभारवाडा पॉम्पेईच्याच परिसरातला असू शकतो.

मात्र दूरदेशीचे खापर म्हणजे रोमनच, ही समजूत फार काळ टिकली आणि तिने बरेच घोटाळे केले. ब्रिटनमधील संशोधक रॉबर्टा टॉम्बर यांनी पश्चिम भारतातील अनेक संग्रह पुन्हा तपासले, तेव्हा रोमन अँफोरा म्हणून नोंदलेल्या तुकड्यांपैकी कित्येक मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराककडच्या, टॉर्पेडो कुंभांचे निघाले; या कुंभांना कान नसतात, आतून डांबराचा लेप असतो आणि ते बऱ्याच नंतरच्या, सासानी व प्रारंभीच्या इस्लामी काळातही प्रचलित होते. मुंबईजवळच्या घारापुरीच्या खापरांबाबतही हा फरक महत्त्वाचा ठरला. कान नसलेला एक तुकडा चुकीच्या पोत्यात पडला आणि व्यापाराचा इतिहास काही शतके मागे आणि एक समुद्र पलीकडे सरकला. असाच प्रकार चक्रांकित थाळ्यांचा. तळाशी दातेरी चाकाने बारीक टिंबांची वर्तुळे उमटवलेल्या या झिलईदार थाळ्या पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांना १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे इटलीच्या भांड्यांसोबत मिळाल्या आणि त्याही भूमध्यसागरी परंपरेशी जोडल्या गेल्या. पुढे संशोधक विमला बेगली यांनी त्यांचा संपूर्ण क्रम नव्याने मांडला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांच्या साह्याने मातीची तपासणी करून त्या मातीचा उगम खालच्या गंगेच्या, बंगालच्या प्रदेशात दाखवला. परदेशी वाटलेली थाळी भारताचीच होती, फक्त तीही आपल्या गावाहून दूर आली होती.

उलट्या दिशेने गेलेल्या वस्तूचा दाखला तर विदर्भाच्या विद्वानांच्या हातून घडला, म्हणून तो येथे सांगायलाच हवा. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ आमेदेओ माइउरी यांना पॉम्पेईतील एका घरात वीतभराहून किंचित उंच अशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली: दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दासी आणि शैली निखालस भारतीय. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी जालना जिल्ह्यातील केळणा नदीकाठच्या भोकरदनला, म्हणजे सांची व भरहूतच्या दानलेखांतून ओळखीच्या असलेल्या भोगवर्धनाला, एकत्र उत्खनन केले, त्यात याच घाटाच्या हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग सापडला. तेरलाही जवळची मूर्ती आहे. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी या साम्यावरून पॉम्पेईच्या मूर्तीचा उगम भोकरदनच्या परिसरात असावा असे मांडले. मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून काहींना उगम तिकडे वाटतो. ही हरकत वजनदार आहे. तरीही भोकरदनचा तो अर्धा तुकडा नसता, तर हा वाद मराठी मुलखापर्यंत आलाच नसता, आणि तो आला हे त्या उत्खननातील प्रत्येक तुकडा थरासह नोंदवणाऱ्या हातांचे श्रेय आहे.

पवनीहून परतताना पुन्हा रिठीची टेकाडे लागतात, त्यांच्या एका अंगाला खणलेला खड्डा असतो आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या काळीकडे गेलेल्या असतात. वैशाखात हे पाहणे विशेष बोलके आहे. चाकोरीच्या कडेने पसरलेल्या पांढऱ्या मातीत सातवाहनकालीन वाडग्याचा तांबडा काठ पडलेला असतो, शेजारी शेतातल्या झोपडीवरून गळालेला कवेलूचा तुकडा असतो, त्या दोहोंच्या मधून हात आत जाईल एवढी भेग गेलेली असते, आणि दुपारचा वारा सुटला की तिच्या काठची माती दोन्ही तुकड्यांसह हळूहळू आत सरकू लागते.